जावई त्रिनिदादचा

कॅरिबियन बेटांविषयीचं मराठी माणसाचं ज्ञान दोन ठिकाणांहून येतं. एक, वेस्ट इंडिजचे होल्डिंग आणि मार्शल आपल्या फलंदाजांच्या बरगड्या कशा शेकायचे याच्या काकालोकांनी सांगितलेल्या कथा. दुसरं, ट्रॅव्हल कंपनीचं कॅलेंडर: निळं पाणी, पांढरी वाळू, वाकडा माड आणि माडाखाली शहाळ्याला नळी लावून पडलेलं एक जोडपं. टोरांटोला नोकरी करत असताना मी तिथेच भेटलेल्या त्रिनिदादच्या मुलीशी लग्न ठरवलं, तेव्हा पुण्यातल्या आमच्या सोसायटीने या ज्ञानाला धरूनच चौकशी केली. 'मेहुणे फास्ट बोलर का रे?' आणि 'मजा आहे बुवा, आता दरवर्षी बीच रिसॉर्ट!'

मेहुणा एकच आहे, विमा विकतो आणि लेगस्पिन टाकतो. रिसॉर्टचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल.

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा देश एक असला तरी बेटं दोन. कॅलेंडरवाला समुद्र टोबॅगोच्या वाटणीला गेला. त्रिनिदाद व्हेनेझुएलापासून अवघ्या अकरा-एक किलोमीटरवर. तिथली ओरिनोको नदी खंडातला गाळ आणून याच्या दारात ओतते, त्यामुळे पूर्वेकडच्या मायारो आणि मँझानिला किनाऱ्यांवर पाणी चांगलं तपकिरी असतं. ते पाहून परक्या देशात आल्यासारखं मला अजिबात वाटलं नाही. शिवाय या बेटाच्या पोटात तेल आहे, वायू आहे. ज्याच्या परसात तेल निघतं तो पाहुण्यांना खोल्या भाड्याने देण्याच्या फंदात कशाला पडेल? त्यामुळे त्रिनिदादमध्ये पर्यटकाच्या गळ्यात कुणी माळ घालत नाही, त्याच्यासाठी कुणी कमरेला गवत बांधून नाचत नाही आणि शिंपल्यांचे हार विकायला कुणी मागे लागत नाही. तुम्ही आलात, बरं झालं, जरा बाजूला व्हा, मला पुढे जायचंय, असा एकूण भाव.

आणि त्या बेटावर तुमची सासुरवाडी असेल तर हॉटेलचा विषयच संपला. जावयाने हॉटेलात उतरणं हा सासूबाईंच्या स्वयंपाकावर आणलेला जाहीर अविश्वासाचा ठराव आहे.

मराठी जावयाच्या काही माफक अपेक्षा असतात. अधिक महिन्यात वाण, आग्रहाची दुसरी वाटी, दुपारी पंख्याखाली आडवं व्हायला जागा. आमच्याकडे पहिल्याच पहाटे सासऱ्यांनी गाडीचा हॉर्न वाजवला. चहा नाही, अंघोळ नाही. डबल्स खायला जायचं होतं.

डबल्स म्हणजे तळलेल्या दोन मऊ, पिवळ्या, तळहाताएवढ्या पुऱ्या (त्यांना तिथे 'बारा' म्हणतात), त्यांवर हरभऱ्याची पातळसर उसळ, वर चिंचेची चटणी, काकडी, कैरीच्या किसाचा कुचेला आणि मिरची. हे सगळं कागदात गुंडाळून हातात मिळतं. प्लेट नाही, चमचा नाही, बसायला जागा नाही. उभ्याने, पुढे वाकून, पोट आत घेऊन खायचं. शर्टावर एकही हरभरा न सांडणारा तो अस्सल त्रिनिदादी. किती खाल्ले ते शेवटी आपणच सांगायचं आणि पैसे द्यायचे. गाडीवाला मोजत नाही. हा पदार्थ १९३०च्या दशकात दक्षिणेकडच्या प्रिन्सेस टाउनमध्ये दीन नावाच्या कुटुंबाने सुरू केला असं मानतात. आज तिथे वकील, गवंडी, पोलीस आणि ज्याला पोलीस शोधतायत तो, असे सगळे एकाच गाडीवर शेजारीशेजारी वाकलेले दिसतात.

'मिरची किती?' असं गाडीवाल्याने विचारलं. प्रश्न मला होता, पण कान सासऱ्यांनी टवकारले. त्यांच्याबरोबर रांगेतल्या चार अनोळखी माणसांनीही. 'थोडी' म्हणावं तर मुलगी कुणाच्या गळ्यात बांधली असं त्यांना वाटणार. 'भरपूर' म्हणावं तर मुलगी विधवा होणार. माझं आजोळ कोल्हापूर, पण कोल्हापूरने इथे गप्प बसावं. दक्षिणेतल्या मोरुगा गावाच्या नावाची जी 'मोरुगा स्कॉर्पियन' मिरची आहे, ती २०१२ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या संशोधकांनी जगातली सर्वांत तिखट म्हणून जाहीर केली होती. काही मिरच्या २० लाख स्कोव्हिलच्या वर गेल्या. लवंगी वगैरे आपली बालवाडी. मी 'मध्यम' म्हणालो. मध्यम हा शब्द जगात इतक्या बेजबाबदारपणे कुठेच वापरला जात नसेल. सासरे माझ्या डोळ्यांतलं पाणी बघत शांतपणे म्हणाले, "हं. जमेल."

माझं सासर हे मूळचं बिहारकडचं. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे मजूर घेऊन इथे लागलं. गुलामगिरी बंद झाली होती आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. १९१७ पर्यंत असे दीड लाखाच्या घरात लोक आले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे, काही मद्रासकडचे. २०११च्या जनगणनेत लोकसंख्येत ३५ टक्के भारतीय वंशाचे, ३४ टक्के आफ्रिकी वंशाचे आणि बाकीच्यांत बहुतेक सगळे मिसळलेले. ३० मेला देशभर सुट्टी असते. भोजपुरी बोलणारी पिढी संपली, इंग्रजी आली, पण नातीगोती राहिली. माझ्या बायकोच्या वडिलांच्या आईला घरात सगळे 'आजी' म्हणतात. त्यामुळे पाच खंडांतून फिरून आल्यासारखं वाटणाऱ्या त्या घरात मला पहिल्या दिवसापासून हाक मारायला निदान एक माणूस मिळालं.

घर खांबांवर. वर खोल्या, खाली मोकळी जागा आणि त्या जागेत एक झोळी टांगलेली. वरच्या दिवाणखान्यातले सोफे प्लास्टिकच्या कव्हरांसकट कुठल्यातरी मोठ्या माणसाची वाट बघत असतात. खरा संसार चालतो तो घराखाली. तिथे भाज्या चिरतात, पत्ते पिसतात, भांडतात आणि शेजारचे लोक गेट न वाजवता आत येतात. अंगणात बांबूंना लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्या, पूजा झाली की एक वाढते. झोळीवर हक्क सासऱ्यांचा. तेल कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते देशाचा कारभार तिथूनच पाहतात.

सकाळी स्वयंपाकघरात रेडिओ लागतो. मला वाटलं बातम्या. बातम्याच, पण मृत्यूच्या. अमुक गावचे अमुक, कुणाचे वडील, कुणाचे आजोबा, कुणाचे मेहुणे, घरी कुठल्या नावाने ओळखले जात, अंत्यविधी किती वाजता, सगळं गंभीर आवाजात, मागे भजन. सासूबाई रोटी लाटता लाटता ऐकतात. मध्येच लाटणं थांबतं. "ही तर कुव्हा गावच्या मावशीच्या जावेची बहीण!" संध्याकाळी आम्ही सांत्वनाला. रात्रीच्या जागराला पाहुण्यांना कॉफी, बिस्किटं, रम मिळते आणि घराबाहेर 'ऑल फोर्स' नावाचा पत्त्यांचा खेळ इतक्या आरडाओरड्यात चालतो की गेलेला माणूस उठून 'हळू' म्हणेल अशी मला सारखी धास्ती. नव्या जावयाची गावाशी ओळख करून द्यायला याहून सोयीचा समारंभ नाही. सगळे एकत्र असतात आणि कुणालाच घाई नसते.

मृत्यूच्या बातम्या संपल्या की जुनी हिंदी गाणी. १९३५ साली 'बाला जोबन' हा इथे आलेला पहिला हिंदी बोलपट. तेव्हापासून रफी-मुकेश-लता या घरांतून हलले नाहीत. शब्द कुणाला कळत नाहीत, पण आजींना कडव्यासकट पाठ. एका गाण्यावर त्या डोळे मिटून हात जोडतात. ते गाणं सिनेमात कुठे आणि काय पीत असताना म्हटलेलं आहे हे मला माहीत होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात आजी म्हणाल्या, "सांगू नकोस. आतापर्यंत छान चाललंय."

फिरायचं ते मॅक्सी टॅक्सीने. मॅक्सी म्हणजे मिनीबस, प्रत्येक भागाचा पट्टा वेगळ्या रंगाचा: पोर्ट ऑफ स्पेनकडे पिवळा, पूर्वेला लाल, मध्य आणि दक्षिणेला हिरवा. चढणारा प्रत्येक माणूस दारातूनच सगळ्या बसला 'गुड मॉर्निंग' म्हणतो आणि सगळी बस त्याला उत्तर देते. न म्हणता बसलात तर तुम्हाला कुणी वाढवलं याविषयी मागच्या सीटवर कुजबुज सुरू होते. पुण्यात पीएमपीएमएलमध्ये चढून कुणी असं केलं तर लोक आधी आपलं पाकीट चाचपतील.

पत्ता विचारलात तर मिळतो, पण तो भूतकाळातला असतो. 'जुना सिनेमा होता ना, तिथून डावीकडे, मग आंब्याचं झाड पाडलं त्या कोपऱ्यावर.' राजधानीच्या सेंट जेम्स भागात फिरताना तर माझं डोकंच चालेना: कलकत्ता स्ट्रीट, दिल्ली स्ट्रीट, लखनऊ स्ट्रीट, मद्रास स्ट्रीट. त्याच भागात मोहरमला 'होसे' निघतो. ताजिये बांधायला आणि ताशा बडवायला हिंदू, मुसलमान, आफ्रिकी, सगळे. आपल्याकडे एवढ्याशा गोष्टीसाठी शांतता समितीच्या किती बैठका झाल्या असत्या!

प्रेक्षणीय स्थळांची निवड सासऱ्यांची होती. कुठलाही शहाणा टूर ऑपरेटर पाहुण्यांना सगळ्यांत आधी डांबर दाखवायला नेणार नाही. सासऱ्यांनी नेलं. ला ब्रेआचं पिच लेक: सुमारे ४० हेक्टरांचा नैसर्गिक डांबराचा तलाव, जगातला सर्वांत मोठा. १५९५ साली सर वॉल्टर रॅले याने इथल्या डांबराने आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या होत्या. वरून घट्ट, सुरकुतलेलं, त्यावरून चालता येतं. मध्येमध्ये गंधकाच्या पाण्याची डबकी आणि त्यांत त्वचा उजळेल या आशेने बसलेल्या बायका. इथलं डांबर कुठल्याकुठल्या देशांच्या रस्त्यांवर पडलं याची माहिती सासरे अभिमानाने देत होते आणि ती ऐकताना माझं डोकं गाडीच्या टपावर आपटत होतं. कारण ला ब्रेआतला रस्ता. जमिनीखालचं डांबर सरकतं म्हणून रस्ते उचकटतात, घरं कलतात, कुंपणं नाचल्यासारखी उभी असतात. जगाला डांबर पुरवणाऱ्या गावाला स्वतःचा सरळ रस्ता नाही. मी महाराष्ट्रातला, आमच्या रस्त्यांकडे एवढंसुद्धा भूगर्भशास्त्रीय कारण नाही, हे मी सासऱ्यांना सांगितलं नाही.

मग वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ. सेवदास साधू नावाच्या उसाच्या मळ्यातल्या मजुराने किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जागा साखर कंपनीची निघाली. त्याला दंड झाला, तुरुंग झाला, देऊळ पाडलं गेलं. बाहेर आल्यावर त्याने हिशेब केला की जमीन सगळी कुणाच्या ना कुणाच्या मालकीची आहे. समुद्राचा सातबारा अजून कुणाकडे नाही. मग सायकलवरून दगड, सिमेंट, माती नेऊन त्याने भर समुद्रात देऊळ उभं करायला घेतलं आणि पुढची कितीतरी वर्षं एकट्याने तेच केलं. लाटा ते खात राहिल्या. १९९५ साली, पहिल्या जहाजाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, सरकारने ते नीट बांधून दिलं. मी विनोदी लेख लिहितोय हे मला ठाऊक आहे, पण त्या बांधावरून देवळाकडे चालत जाताना मला एकही विनोद सुचला नाही.

सासऱ्यांना सुचला. "त्याने आधी परवानगी मागितली असती," ते म्हणाले, "तर अजून फाइलच फिरत असती."

तिथून जवळच कॅरापिचायमाला ८५ फुटांचा हनुमान आहे, आणि तो ज्याच्या आवारात उभा आहे ते देऊळ चक्क दत्ताचं. मैसूरच्या दत्तपीठाशी जोडलेलं. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिथे आणि पुण्यात साडेनऊ तासांचा फरक, तिची रात्रीची जपमाळ चालू होती. औदुंबर, नरसोबाची वाडी आणि गाणगापूर एवढाच दत्तमहाराजांचा नकाशा माहीत असलेल्या आईने स्क्रीनवर दर्शन घेतलं, थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "एवढ्या लांब राहतात, तरी गुरुवारी गर्दी असते का?" लग्नाबद्दल तिच्या मनात जी काही कुरकुर उरली होती, ती त्या दिवशी मिटली.

माझं सासरी खरं बस्तान मात्र बसवलं ते सुनील गावसकरांनी. क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर सासरे मला घेऊन गेले तेव्हा त्यांची चाल बदलली. १९७१चा मार्च. याच मैदानावर २१ वर्षांच्या गावसकरांची पहिली कसोटी. ६५ आणि नाबाद ६७. मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतक. वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला त्यांच्या घरात पहिल्यांदा हरवलं. मग शेवटच्या कसोटीत पुन्हा इथेच, दाढ ठणकत असताना, १२४ आणि २२०. चार कसोट्यांत ७७४ धावा. सासरे तेव्हा शाळकरी होते. शाळेत जायला निघून ओव्हलच्या बाहेर झाडावर पोचले होते. आपल्याच देशाचा संघ हरत असताना आनंद होतोय, हे कुणाला सांगायचं? अर्ध्या बेटाची तीच पंचाईत. पण उरलेल्या अर्ध्यानेही मन मोठं केलं: लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने गावसकरांवर गाणं रचलं आणि ते आजही लोकांच्या तोंडात आहे. पुढे अरिमात जन्मलेल्या एका मुलाचं नाव बापाने सुनील ठेवलं. तो सुनील नरेन.

"तू त्यांच्याच गावचा ना?" सासऱ्यांनी विचारलं. मी पुण्याचा. पण पाच हजार वर्षांच्या संस्कृतीचा वारस असलो तरी मला कळतं की काही प्रसंगी मुंबई-पुणे वाद मिटवून टाकावा. "अगदी जवळ," मी म्हणालो. त्या दिवसापासून झोळीत बसायची मला परवानगी आहे, सासरे नसताना.

शेवटची परीक्षा कौरा नदीवर झाली. रविवार आला की त्रिनिदादची निम्मी कुटुंबं एखादी नदी गाठतात. सोबत लोखंडी पातेलं, लाकडं, बदक, तांदूळ, रम, बर्फ आणि ट्रकवर शोभेल असा स्पीकर. बदक साफ करून, ठेचलेल्या हिरव्या पाल्याचं वाटण लावून आदल्या रात्रीपासून मुरत ठेवलेलं असतं. दगडांची चूल मांडली जाते. पुरुष स्वयंपाक करतात आणि स्वयंपाक करतोय हे दर पाच मिनिटांनी जाहीर करतात. बाकीचे गुडघाभर पाण्यात उभे राहून ग्लास सांभाळतात. मी पाण्याकडे निघालो होतो, एवढ्यात हिच्या मामांनी माझ्या हातात मोठा डाव दिला. "तू इंडियाचा. करी तू बघ."

सगळी नदी माझ्याकडे बघत होती. मी सॉफ्टवेअर इंजिनियर. उकळत्या पातेल्याशी माझा संबंध मॅगीपुरता. पण सॉफ्टवेअरमध्ये वीस लोकांसमोर आत्मविश्वासाने मान हलवायचं शिक्षण मिळतं, ते कामी आलं. मी डाव फिरवला, थेंबभर रस्सा तळहातावर घेतला, चाटला, आकाशाकडे बघितलं आणि म्हणालो, "अजून थोडा वेळ." मामांनी मान डोलावली. अर्ध्या तासाने तेच केलं. "आता मीठ बघा." तेही पटलं. ते बदक इतकं अप्रतिम झालं होतं की त्याचं श्रेय मला मिळालं आणि मी ते घेतलं. तेव्हापासून दरवेळी डाव माझ्या हाती येतो आणि मी दरवेळी आकाशाकडे बघतो.

रिसॉर्ट राहिलंच. सोसायटीला फोटो दाखवायचे होते म्हणून आम्ही टोबॅगोला जाऊन एका चांगल्या ठिकाणी उतरलो. पाणी खरंच निळं होतं. माड कॅलेंडरइतकाच वाकडा होता. रात्री 'कॅरिबियन नाइट' होती आणि तीत ओळीने जमैकाची गाणी वाजत होती. बायकोने एवढ्या रागाने सूप ढवळलं की मी चमचा काढून घेतला. ज्या देशाने तेलाच्या पिंपांतून स्टीलपॅन नावाचं वाद्य घडवलं, ज्याच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा दिवस राखून ठेवला, त्या देशात बसून हे ऐकायचं! कॅरिबियनमधल्या प्रत्येक माणसाला जमैकन समजलेलं त्रिनिदादी माणसाला तेवढंच आवडतं, जेवढं पुणेकराला 'म्हणजे मुंबईजवळच ना?' आवडतं. जेवण अळणी. हिने पिशवीतून सासूबाईंनी बांधून दिलेल्या रोट्या आणि बदक काढलं. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन जोडप्याने वासावरून मान वळवली, मग खुर्च्या वळवल्या. असं कुठे मिळतं, असं त्यांनी विचारलं. हिने सरळ आईचा फोन नंबर लिहून दिला. ते खरोखर गेले. सासूबाई अजून त्यांची आठवण काढतात: "बिचारे! किती दिवस उपाशी होते कोण जाणे."

प्रत्येकाला त्रिनिदादमध्ये सासू मिळेल असं नाही. पण जाणार असाल तर पिआर्को विमानतळावर उतरून तसंच टोबॅगोचं विमान पकडू नका. चार दिवस मोठ्या बेटावर काढा. मॅक्सीत चढताना 'गुड मॉर्निंग' म्हणा, रविवारी नदीवर जा आणि कुणी डाव हातात दिला तर आकाशाकडे बघा. जानेवारी ते मे कोरडा हंगाम असतो. कार्निव्हलच्या आठवड्यात खोली मिळत नाही आणि मिळाली तर झोप मिळत नाही. त्यानंतरचे मार्च-एप्रिल सगळ्यांत बरे.